निवळीतला दगड

चुन्याची निवळी शाळेत कधीच हाताळली नाही असा, मराठी माध्यमातून शिकलेला मनुष्य विरळा. कळीचा चुना विरवून त्यात भरपूर पाणी घालावे, ते ढवळून रात्रभर तसेच राहू द्यावे, सकाळी वर आलेले नितळ पाणी तळचा साका न हलवता दुसऱ्या भांड्यात काढून घ्यावे आणि काचेच्या नळीने त्यात फुंकर घालावी, की दोन-चार उच्छ्वासांतच ते पाणी दुधाळ होते. आणि आपल्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड, किंवा जुन्या क्रमिक पुस्तकांच्या भाषेत कर्बद्विप्राणिद, वायू असतो ही गोष्ट आता सिद्ध झाली असे सांगून शिक्षक पुढच्या प्रकरणाकडे वळतात. माझी तक्रार आहे ती या वळण्याविषयी. कारण त्याच नळीने त्याच पाण्यात आणखी काही वेळ फुंकत राहिले, तर आलेला दुधाळपणा हळूहळू विरत जाऊन पाणी पुन्हा नितळ दिसू लागते. आणि ते नितळ झालेले पाणी परीक्षानळीत घेऊन दिव्याच्या ज्योतीवर धरले, तर ते पुन्हा गढूळ होते. प्रयोगाचा पहिला भाग मुलांना एका वायूची ओळख पटवून देतो, इतकेच. गुहांच्या छतांना दगडी झुंबरे कशी लोंबली, आपल्या शेतांतल्या काळ्या मातीत पांढरे खडे कोठून आले, बंबाच्या तळाशी खपली का धरते आणि लोणारचे पाणी खारे का, या सगळ्यांची किल्ली उरलेल्या दोन भागांत आहे, आणि नेमके तेच दोन भाग तास संपत आल्याच्या सबबीवर गाळले जातात.

घडते ते असे. वायू पाण्यात शिरला की त्याचा थोडा अंश पाण्याशी संयोग पावून सौम्य आम्ल बनतो. निवळीत विरघळलेल्या चुन्याशी या आम्लाची गाठ पडली की कॅल्शियम कार्बोनेट तयार होते. आणि हा पदार्थ शुद्ध पाण्यात जवळजवळ विरघळतच नसल्यामुळे (लिटरभर पाण्यात जेमतेम १४ मिलिग्रॅम) तो अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने पाण्याबाहेर पडतो. पाणी दुधाळ दिसते ते या कणांमुळे, आणि हा प्रत्येक कण म्हणजे रासायनिक दृष्ट्या दगडच होय. मकराण्याचा संगमरवर ज्या द्रव्याचा, त्याच द्रव्याचा. परंतु वायू येतच राहिला म्हणजे पाण्यातले आम्ल वाढत जाते, आणि वाढलेले आम्ल त्याच कार्बोनेटचे बायकार्बोनेट करून टाकते, जे पाण्यात विनातक्रार विरघळते. थोडा वायू दगड घडवतो आणि जास्त वायू तोच दगड गिळतो. मग पाणी तापवले, वायू निघून गेला, की गिळलेला दगड परत बाहेर येतो. स्कॉटलंडातील जोसेफ ब्लॅक याने १७५६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात, तराजूचा काटा पुढे ठेवून, असे दाखवून दिले की चुनखडी भाजताना जे वजन घटते ते एका वायूचे असते, आणि तो वायू परत मिळाला की चुन्याची पुन्हा खडी होते. हवा दगडात बंदिस्त होऊन राहू शकते, ही कल्पना त्या काळच्या विद्वानांना किती चमत्कारिक वाटली असेल, याचा अंदाज आज आपल्याला येणे कठीण आहे. कारण आपण ती परीक्षेपुरती पाठ केलेली असते आणि पाठ केलेल्या गोष्टीचे आश्चर्य वाटत नाही.

निसर्गातले पाणी मात्र आपल्या प्रवासाला निवळीपासून आरंभ करत नाही. ते आकाशातून पडते तेव्हा त्यात वायू अगदी थोडा असतो, कारण हवेतच तो शेकडा ०.०४ च्या आसपास आहे. जमिनीत मुरल्यावर मात्र त्याची गाठ एका निराळ्याच हवेशी पडते. मुळांचा आणि मातीतल्या असंख्य सूक्ष्म जीवांचा श्वासोच्छ्वास तेथे अहोरात्र चाललेला असल्यामुळे मातीच्या पोकळ्यांतील हवेत हा वायू वरच्या हवेच्या दसपट, कित्येकदा शंभरपटही असतो. त्यामुळे जमिनीखालून वाहणारे पाणी हे जवळजवळ नेहमीच आपल्या प्रयोगाच्या दुसऱ्या अवस्थेतले, म्हणजे भरपूर वायू पोटात घेतलेले आणि म्हणून दगड विरघळवून नितळ राहिलेले असते. आणि त्याच्यातून पुन्हा दगड घडायचा तो कसल्या तरी आगमनाने नव्हे, तर निर्गमनाने. झरा उघड्यावर आला, दाब कमी झाला आणि वायू उडाला. गुहेच्या छतातून थेंब लोंबकळला आणि मोकळ्या हवेत वायू सोडून बसला. शेवाळाने आपल्या पोषणासाठी पाण्यातला वायू काढून घेतला. उन्हाने पाणीच उडून गेले. यांपैकी काहीही झाले तरी परिणाम एकच. आपण सामान्यतः असे धरून चालतो की काही घडायचे म्हणजे काहीतरी जमावे लागते, साचावे लागते. या खनिजांच्या बाबतीत साचणे हे पूर्वतयारीचे काम, आणि घडणे हे कोणीतरी उठून गेल्यावर. याला त्याग वगैरे म्हणण्याचा मोह आमच्या पिढीच्या लेखकांना चटकन होतो. तो मी आवरतो, कारण वायूला कशाचाच त्याग करायचा नसतो, त्याला फक्त मोकळी वाट मिळालेली असते.

आपल्या देशावर चुनखडीचे डोंगर नाहीत. यवतमाळ-चंद्रपूरकडचा पैनगंगेचा प्रदेश सोडला तर पश्चिमेला सह्याद्रीपर्यंत जो पसारा आहे तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा, काळ्या पाषाणाचा; आणि त्या पाषाणात कार्बोनेट मुळात नसतेच. तरीही गोदावरी, प्रवरा, भीमा यांच्या काठच्या कोणत्याही उंच दरडीकडे पाहावे, तांबूस-करड्या गाळात पांढऱ्या खड्यांचे पट्टेच्या पट्टे दिसतात, आणि काळ्या रानात नांगर खोल गेला की तेच खडे वर येतात. माझे लहानपण प्रवरेच्या काठी गेल्यामुळे या खड्यांशी माझी ओळख जुनी आहे. वाटाण्याएवढ्यापासून मुठीएवढ्यापर्यंत त्यांचे आकार. अंगावर गाठी आणि खळगे, पृष्ठभाग खरबरीत, बोटाला पांढरी पूड लागेल असा. एक फोडून पाहिला तर आत राखी रंगाचा घट्ट गाभा लागतो, त्यात काळ्या मातीच्या बारीक रेघा अडकलेल्या असतात, कोठे मुळाच्या जाडीची एक नळीसारखी पोकळी असते, म्हणजे मूळ कुजून गेले आणि त्याच्याभोवती धरलेला दगड तेवढा राहिला. लिंबाचा थेंब टाकला की त्यावर बारीक बुडबुडे धरतात. कोणा एका पावसाळ्यात मातीने बाहेर टाकलेला श्वास, बहुधा काही हजार वर्षांनी, पुन्हा मोकळा होत असतो. खडकात चुनखडी नसताना हे खडे आले कोठून, याचे उत्तर मातीच्या वर सांगितलेल्या श्वासातच आहे: त्या श्वासाचे आम्ल काळ्या पाषाणातील फेल्डस्पार आणि ऑजाइट या खनिजांना फोडून त्यांतले कॅल्शियम सोडवते, पावसाळ्यात ते पाण्याबरोबर खाली उतरते, पुढे उन्हाळ्यात पाणी मुळांनी ओढले, वायू भेगांतून उडाला, की ते जागच्या जागी खडा होऊन बसते. पावसाळा आणि उन्हाळा यांच्या या आळीपाळीत मोठी गंमत आहे. बाराही महिने पाऊस असता तर कॅल्शियम धुपून समुद्रास मिळाले असते, बाराही महिने कोरडे असते तर ते पाषाणातून सुटलेच नसते. चुनखडीचा खडा ही ऋतूंच्या बदलाची उपज आहे.

या खड्यांनी जमिनीत राहूनच संसारात किती ढवळाढवळ केली आहे, ते विहिरीच्या पाण्यावर नांदलेल्या बायकांना विचारावे. ‘या पाण्यात डाळ शिजत नाही’ ही कैफियत मी लहानपणी घरोघरी ऐकली आहे. डाळीच्या पेशींना एकत्र धरून ठेवणारे जे पेक्टिन असते, त्याला पाण्यातले कॅल्शियम जाऊन मिळते आणि ते शिजताना सुटायच्या ऐवजी अधिक आवळून बसते. मग चुलीवर लाकडामागून लाकूड जाते आणि वरणात दाणे ते दाणेच. आमच्या घरी आजी अशा वेळी चिमूटभर खाण्याचा सोडा टाकत असे. त्याने एकीकडे पाणी अल्कधर्मी होऊन पेक्टिन ढिले पडते आणि दुसरीकडे उकळत्या पाण्यातले बरेचसे कॅल्शियम कार्बोनेट होऊन खाली बसते. म्हणजे आजी रसायनशास्त्राचा जो व्यवहार करत होती तो अवक्षेपणाचाच होता. न्हाणीघरात तांब्याचा बंब असे, आणि त्याच्या आत जी खपली धरे ती काढण्याचे काम दिवाळीपूर्वी आम्हा मुलांकडे येई. मीठ, साखर हे जिन्नस पाणी तापवले की अधिक विरघळतात. कॅल्शियम कार्बोनेटचा स्वभाव याच्या उलट आहे, ऊन पाण्यात ते आणखीनच कमी विरघळते, आणि वायू तर उष्णतेने उडून जातोच. म्हणून जेथे आच सर्वांत अधिक, त्या मधल्या नळीलगत खपली सर्वांत जाड. तिचा तुकडा आडवा मोडून उन्हात धरला की एकावर एक बसलेले, फिकट-गडद असे कागदाहून पातळ पापुद्रे दिसत. आता विजेच्या गिझरला तीच खपली धरते आणि दुरुस्तीला आलेला कारागीर ‘क्षार फार आहेत हो तुमच्याकडे’ असे म्हणून बिल करतो. पण गिझर उघडून पाहण्याची सोय नसल्यामुळे ते पापुद्रे आजच्या मुलांना पाहायला मिळत नाहीत, याचे मला वाईट वाटते.

सिमेंट येण्यापूर्वी देशावरची बांधकामे याच खड्यांवर उभी राहिली. खडे वेचून भट्टीत भाजायचे (हा व्यवसाय परंपरेने लोणारी समाजाकडे), भाजलेला चुना विरवायचा, वाळू घालून घाण्यात मळायचा. दगडी चाकाचे हे वर्तुळाकार घाणे आजही अनेक किल्ल्यांवर आणि जुन्या वाड्यांच्या आवारात पडलेले दिसतात. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली तर चव्वेचाळीस किलो वायू धुराबरोबर निघून जातो आणि छप्पन्न किलो कळी उरते. आणि भिंतीत गेल्यावर तो चुना, वर्षानुवर्षे, बाहेरून आत, गेलेल्या वायूची वसुली हवेकडून करत राहतो आणि पुन्हा दगड होतो. येथे, खरे पाहता, माझ्या मघाच्या विधानाला अपवाद आहे, कारण भिंतीतला चुना वायू येण्याने दगड होतो, जाण्याने नव्हे. मात्र तेथेही पाण्याला आधी थोडी जागा खाली करून द्यावी लागते. भिंत चिंब ओली असेल तर छिद्रे पाण्याने भरलेली राहून वायू आत शिरत नाही, आणि ठणठणीत कोरडी असेल तर वायूला विरघळायला पाणीच मिळत नाही. जुने गवंडी चुन्याच्या भिंतीवर दिवसेंदिवस पाणी मारत आणि तरीही ती भिजत ठेवत नसत, यात जे तारतम्य होते ते त्यांनी कोणत्याही ग्रंथातून घेतलेले नव्हते.

आतापर्यंत मी असे लिहीत आलो आहे की जणू पाण्यात द्रव्य जास्त झाले की ते ताबडतोब बाहेर पडते. वास्तविक पाणी इतके कायदेशीर वागत नाही. समुद्राच्या वरच्या थरातले पाणी कॅल्शियम कार्बोनेटच्या दृष्टीने हक्काच्या मर्यादेपेक्षा कित्येक पट अधिक द्रव्य बाळगून असते, आणि तरीही समुद्र दुधाळ होत नाही. स्फटिकाचा पहिला कण जन्माला यायचा तर आयनांना फार मोठ्या संख्येने एका ठरावीक रचनेत एकत्र यावे लागते, आणि तो कण पुरेसा मोठा होईपर्यंत त्याचे विरघळून जाणेच अधिक संभवनीय असते. त्यातून समुद्रात कॅल्शियमच्या पाचपट मॅग्नेशियमचे आयन आहेत. ते कॅल्साइटच्या वाढत्या कडेवर जाऊन बसतात आणि वाढ रोखतात. म्हणून समुद्राच्या पाण्यातून आपोआप जे बाहेर पडते ते बहुधा कॅल्साइट नसून त्याच द्रव्याचे, पण निराळ्या रचनेचे आणि किंचित कमी स्थिर असे ॲरागोनाइट. जीवांना मात्र हे निर्बंध लागू नाहीत. कोकणातल्या एकाच खाडीत, एकाच पाण्यात, तिसऱ्या आपले शिंपले ॲरागोनाइटचे घडवतात आणि कालवे आपले कवच मुख्यतः कॅल्साइटचे. दोघांचाही पुढे भट्टीत एकच चुना होतो आणि पानाला लागतो. ओस्टवाल्ड या जर्मन रसायनज्ञाने १८९७ साली असा नियम मांडला होता की द्रावणातून घन पदार्थ बाहेर पडताना सर्वांत स्थिर रूप पहिल्याने न येता, जे द्रावणाला जवळचे असे अस्थिर रूप ते आधी येते, आणि मग पायरी-पायरीने स्थिरतेकडे जाते. आपल्या निवळीतही पहिल्या क्षणी जे कण दिसतात त्यांना स्फटिकाचा आकारच नसतो. आकार मागाहून येतो.

पण प्रतीक्षेचा कळस पाहायचा असेल तर तो डोलोमाइटमध्ये. फ्रेंच भूशास्त्रज्ञ देओदा द डोलोमिय याने १७९१ साली आल्प्समधल्या एका विलक्षण दगडाचे वर्णन केले, जो चुनखडीसारखा दिसे पण आम्लाला तितकीशी दाद देत नसे. त्याच्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे थर एकाआड एक, काटेकोरपणे लागलेले असतात. पर्वतच्या पर्वत या दगडाचे आहेत, आपल्याकडेही नागपूर, चंद्रपूर, यवतमाळकडे त्याच्या खाणी आहेत. परंतु आजच्या समुद्रांत तो फारसा घडताना दिसत नाही, आणि साध्या तापमानाला प्रयोगशाळेत तर त्याने शास्त्रज्ञांना अक्षरशः झुलवत ठेवले. अमेरिकेतील लिंटन लँड यांनी डोलोमाइटची मर्यादा हजारपटीने ओलांडलेले द्रावण २५ अंश सेल्सिअसला ठेवून दिले आणि १९९८ साली, बत्तीस वर्षांनंतर, निबंध प्रसिद्ध केला की डोलोमाइट तयार झाला नाही. एवढ्या दीर्घ मुदतीच्या अपयशाची इतकी सरळ नोंद करणारा निबंध मला शास्त्राच्या वाङ्मयातला एक थोर दस्तऐवज वाटतो. अडचण कोठे होती त्याचा खुलासा आता बराच झाला आहे. मॅग्नेशियमचा आयन आपल्याभोवतीचे पाण्याचे रेणू सहजासहजी सोडत नाही. आणि सोडले तरी वाढत्या स्फटिकाच्या कडेवर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे कसेही, एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. असा चुकीच्या मांडणीचा एक थर बसला की त्यावर पुढचा थर बसेना. द्रावणात द्रव्य कितीही वाढवा, चुकाच त्वरेने वाढतात.

२०२३ साली मिशिगन आणि होक्काइदो येथील विद्यापीठांतल्या संशोधकांनी यावर जो उपाय दाखवला तो असा की वाढ सतत चालू न ठेवता मधूनमधून स्फटिक थोडा विरघळू द्यावा. चुकीच्या जागी बसलेले अणू कमी घट्ट धरलेले असतात, म्हणून विरघळण्याची वेळ आली की तेच आधी निघून जातात. नीट बसलेले राहतात, आणि पुढच्या खेपेला रिकाम्या जागा अधिक नीट भरल्या जातात. विरघळवण्याची ही युक्ती न करता वाढ एकसारखी चालू ठेवली तर एक शिस्तशीर थर पुरा व्हायला एक कोटी वर्षे लागतील, असा त्यांचा हिशेब होता. प्रत्यक्ष प्रयोगात त्यांनी इलेक्ट्रॉनांचा झोत दोन तासांत चार हजार वेळा चालू-बंद करून, झोताने पाण्यात निर्माण होणाऱ्या आम्लाकरवी, स्फटिक पुनःपुन्हा किंचित विरघळवला आणि सुमारे तीनशे थर वाढवले; त्यापूर्वी कोणालाही पाचांपलीकडे जाता आले नव्हते. निसर्गात आज डोलोमाइट जेथे घडताना आढळतो ती स्थळे म्हणजे दक्षिण ऑस्ट्रेलियातील कुरोंग किंवा ब्राझीलमधील लागोआ व्हर्मेल्यासारखी, पाणी भरते आणि आटते अशी उथळ तळी. ब्राझीलच्या तळ्याबाबत १९९५ साली क्रिसोगोनो वास्कोन्सेलोस आणि ज्युडिथ मॅकेन्झी यांनी तेथील जिवाणूंचा या घडण्यात हात असल्याचे दाखवले होते. पण जिवाणू असोत वा नसोत, ओल्या-कोरड्याच्या आळीपाळीचे जे प्रवरेच्या दरडीतल्या खड्याला लागू, तेच येथेही लागू पडते, आणि मला यात फार समाधान वाटते.

आता लोणार. बुलढाणा जिल्ह्यातल्या या विवराच्या तोंडाचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि खोली दीडशे मीटरांच्या जवळपास आहे. ते उल्केच्या आघाताने झाले याविषयी आता वाद उरलेला नाही. वयाविषयी मात्र आहे, कारण एका पद्धतीने ते सुमारे ५२,००० वर्षे निघते आणि दुसरीने सुमारे ५,७०,०००. काठावर देवळांची रांग, गोमुखातून पडणारी गोड्या पाण्याची धार, आणि तळाशी दहाच्या आसपास पीएच असलेले, साबणासारखे बुळबुळीत, खारट पाणी. गोडे पाणी येते, बाहेर जायला वाट नाही, ते आटते आणि खारट होते, हे तर कोणालाही सुचेल. प्रश्न असा की ते मिठागरासारखे नुसते खारट न होता सोड्याचे का झाले. १९७० साली लॉरेन्स हार्डी आणि हान्स ऑयग्स्टर यांनी बंदिस्त तळ्यांच्या पाण्याचा जो विचार मांडला त्यात याचे उत्तर आहे, आणि ते मला भागीदारीच्या व्यवहाराने समजावणे सोपे वाटते. दोघांनी दुकान घातले आणि प्रत्येक सौद्याला दोघांनी सारखीच रक्कम घालायची असा करार केला, तर ज्याचे भांडवल किंचित का होईना कमी, तो आधी खलास होतो, आणि त्यानंतरची सगळी शिल्लक दुसऱ्याच्या नावावर पडते. पाणी आटू लागले की सर्वांआधी कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडते, आणि त्यात एका कॅल्शियममागे एका ठरावीक हिश्श्याने कार्बोनेट खर्ची पडते. म्हणून आरंभी यांपैकी जे थोडेसे अधिक असेल तेच अखेरीस पाण्यावर राज्य करते. मृत समुद्रात कॅल्शियम अधिक ठरले आणि कार्बोनेट संपले. लोणारात नेमके उलट झाले, आणि त्याचे कारण आसपासच्या पाषाणात आहे. चुनखडीच्या प्रदेशात पाण्यात येणाऱ्या बायकार्बोनेटचा जोडीदार कॅल्शियमच असतो, दोन्ही बाजू जवळपास बरोबरीच्या. आपला काळा पाषाण फुटतो तेव्हा कॅल्शियमबरोबर सोडियमही सुटते, आणि त्या सोडियमच्या वाट्यालाही बायकार्बोनेट येतेच. म्हणजे झऱ्याच्या गोड पाण्यात, जिभेला न कळेल इतक्या अल्प प्रमाणात, कार्बोनेटची बाजू पहिल्यापासूनच जड असते. कॅल्शियम खडी होऊन तळाशी बसते आणि निघून जाते. मागे राहतो तो सोडा.

ऐने अकबरीत सुभा वऱ्हाडच्या प्रकरणात लोणारचा उल्लेख आहे. काच आणि साबण करण्यास लागणारे जिन्नस तेथे मिळतात आणि त्यापासून सरकारला चांगला महसूल येतो, असे अबुल फजल नमूद करतो. पुढे इंग्रजी अमदानीतही खार काढण्याचे काम चाले, आणि त्याच्या प्रतींना दल्ला, पापडी, भुस्की अशी नावे होती. पुढे बेल्जियमच्या सॉल्व्हेच्या कृतीने समुद्राचे मीठ आणि चुनखडी यांपासून कारखान्यांत सोडा निघू लागला आणि लोणारच्या खाराला कोणी विचारीना. या कृतीतील विरोधाभास लक्षात घेण्यासारखा आहे. तळ्यात जी देवघेव होते तिच्या नेमकी उलट देवघेव कारखान्यात, अमोनियाच्या मध्यस्थीने, करून घेतली जाते. चुनखडी आत जाते, सोडा बाहेर येतो आणि कॅल्शियम क्लोराइड गळ्यात पडते. २०२० च्या जूनमध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याची बरीच चर्चा केली. ते क्षारप्रिय सूक्ष्म जीवांचे रंग होते, आणि पाऊस पडल्यावर गेले.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते तळ्याच्या मध्यभागातून सुमारे दहा मीटर खोल छिद्र पाडून काढलेल्या गाळाच्या कांबीचे वाचन, जे २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्या गाळात काही पातळ्यांवर गेलुसाइटचे स्फटिक आढळतात. फ्रेंच रसायनज्ञ गे-ल्युसाक याच्या नावाचे हे खनिज सोडियम आणि कॅल्शियम यांचे जोड-कार्बोनेट असून, तळे अतिशय आटून पाणी फार दाट झाल्याखेरीज ते घडत नाही. त्यामुळे जेथे जेथे ते सापडते तेथे तेथे एक दीर्घ अवर्षण नोंदलेले आहे असे समजावे. अशी दोन अवर्षणे निघाली: एक सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचे, आणि दुसरे सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचे. पैकी पहिल्याला साक्ष दुसरीकडूनही मिळते. मेघालयात सोहऱ्याजवळच्या मॉम्लूह गुहेत छतातून ठिबकणारे पाणी वायू सोडून ज्या लवणस्तंभाला वाढवत होते, त्याच्यात सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी पाऊस मंदावल्याची खूण आहे, आणि तिच्यावरूनच २०१८ साली भूशास्त्रज्ञांनी पृथ्वीच्या इतिहासातल्या चालू कालखंडाला मेघालयन हे नाव अधिकृतपणे दिले. दुसरे अवर्षण मात्र आपल्या घरचे आहे. काठावरची देवळे, निदान त्यांतली बरीचशी, त्या काळातली, आणि ती बांधणाऱ्यांनी पाहिलेले तळे आपण पाहतो त्याहून उथळ आणि दाट असले पाहिजे. वऱ्हाडच्या जुन्या महसुली दफ्तरांतून लोणारच्या खाराचा मक्ता सालवार उतरवून काढणारा कोणी निघावा, अशी माझी इच्छा आहे. पाणी आटले की काठाचा खार उघडा पडतो, म्हणजे ज्या साली रयत साऱ्यात सूट मागण्यासाठी कचेरीत उभी राहत असेल, त्याच साली मक्तेदाराचे मजूर विवराच्या चिखलात उतरून पाट्या भरत असतील. आणि गाळातल्या स्फटिकांना जो हिशेब शतकांच्या मापानेच सांगता येतो, तो या दोन नोंदी एकमेकींशेजारी ठेवल्या तर वर्षावर्षांचा निघू शकेल.